तिसऱ्या खंडातला तारवाला

“पाचवा नको,” आजी म्हणाल्या. “तिसराच वाच.”

ग्रंथपालबाईंनी पाचवा खंड बाजूला सारला आणि तिसरा उघडला. दुपारी वाचनालयात फारशी वर्दळ नसे. नजर अधू झालेल्यांना त्या वेळी वाचून दाखवायचं, ही बाईंनीच पाडलेली पद्धत. कुणी वर्तमानपत्र ऐके, कुणी प्रवासवर्णन. या आजींना मात्र युद्धाचा इतिहास लागायचा, आणि तोही नेमका त्याच लेखकाचा.

“चाललं थापाड्याचं पारायण,” शिपाई जाता जाता पुटपुटला.

त्याचं काही चुकत नव्हतं. त्या पाच खंडांत आपले जवान म्हणजे देवमाणसं आणि पलीकडचे झाडून सगळे राक्षस. नदीपलीकडची गावं आपल्याच पलटणीने जाळली होती, हे पुढे चौकशीत उघड झालं. लेखकाचे मानसन्मान काढून घेतले गेले आणि तो तोंड लपवून मेला. बाईंचं आजोळ त्या जळलेल्या गावांपैकीच. ‘शत्रूने माघार घेताना स्वतःचीच घरं पेटवली’ हे वाक्य आलं की त्या अडखळायच्या. एकदा त्यांनी ते गुपचूप गाळून पाहिलं होतं.

“गाळू नकोस ग,” आजी म्हणाल्या होत्या. “लिहिणाऱ्याचं पाप आहे ते. मोठ्याने वाच.”

आजींचा जीव अडकला होता तो तारवाल्यात. आघाडीवर टेलिफोनच्या तारा ओढत फिरणारा हा जवान पाचही खंडांत भेटायचा. पहिल्यात नवखा, तिसऱ्यात चांगला तयार झालेला, पाचव्यात पुलावर मरणारा. आजी त्याला ‘आमचा’ म्हणत. बाईंनी कधी खोदून विचारलं नाही. आईला पाचवा खंड का नको, हे काय विचारायचं?

“उंची किती लिहिलीय?”

“‘प्रत्येक दारातून त्याला वाकून जावं लागे.’”

“बघ,” आजी खूश झाल्या. “आणि आवाज?”

“घोगरा.”

“घोगरा.” आजींनी तो शब्द तोंडात घोळवला.

हे दोन प्रश्न दर खेपेला ठरलेले. वय झालं की माणूस पोटच्या पोराचा आवाजही विसरतो, या विचाराने बाईंना भरून यायचं. त्या पुढे वाचू लागल्या.

“‘खंदकात झोप येईना, की तो स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरून पडून राही.’”

आजींचा हात आपसूक आपल्या कानाकडे गेला. “आधी माझी धरायचा,” त्या म्हणाल्या.

बाईंनी पुस्तक मिटलं. आज त्यांच्याने पुढे वाचवेना.

सकाळीच इतिहासाचे प्राध्यापक येऊन गेले होते. वाचनालयातून कोणती पुस्तकं काढायची, हे ते ठरवणार होते. या पाच खंडांवर त्यांनी ‘रद्द’चा शिक्का मारायला सांगितला. उद्या रद्दीची गाडी येणार होती. बाईंनी रदबदली करून पाहिली. एका जवानाची आई ऐकायला येते हो, एक खंड तरी राहू द्या. प्राध्यापक माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा काढला.

“कुठल्या जवानाची? तारवाल्याची? बाई, तो पलटणीत नव्हताच. हजेरीपटावर नाही, मेलेल्यांत नाही, जखमींत नाही. रचलेला माणूस आहे तो.”

तेव्हापासून बाईंच्या डोक्यात एकच घोळत होतं. म्हणजे या माउलीचा खरा मुलगा कुठेतरी बेवारशी पडला, आणि ती भलत्याच कुणाला उराशी धरून बसली. सांगावं तर तिच्या हातातलं काढून घेतल्यासारखं. न सांगावं, तर आपणही त्या थापाड्याच्या पंक्तीला जाऊन बसलो.

“आजी, ही पुस्तकं उद्या जाणार,” त्या म्हणाल्या. “नियमात बसत नाही, पण तिसरा खंड तुमच्या पिशवीत घालते. घरी न्या.”

“घरी होते की सगळे. लोकांनी आणून चौकात जाळले.”

चौकशी झाली त्या वर्षी घरोघरची ही पुस्तकं जळली होती.

“पण काढताय का?” आजींनी विचारलं.

“खोटं आहे म्हणून.”

“ते मला ठाऊक आहे. एवढ्यासाठी तुझा आवाज असा व्हायचा नाही. आमच्या तारवाल्याबद्दल काय म्हणाले ते सांग.”

बाईंनी आजींचा हात हातात घेतला. हात हलका होता आणि गार.

“आजी, रागावू नका. पुस्तकातला हा तारवाला कुणी नव्हताच. त्या माणसाने तो मनाने रचला. तुमचा मुलगा वेगळा. त्याचं नाव मला सांगा, मी खऱ्या कागदांत शोधते. कुठे लढला, कुठे पडला, सगळं काढू आपण. निदान त्याच्यासाठी तरी खरं काय ते कळू दे.”

बाईंचेच डोळे वाहू लागले होते. आजींनी हात सोडवून घेतला आणि चाचपडत तिसरा खंड जवळ ओढला.

“कागदांत कुठला सापडायचा तो? सव्वा वर्षाचा होता, तापाने गेला,” त्या म्हणाल्या. “पुढचं सगळं ह्यांनी लिहिलं. लिहून झालं की मला वाचून दाखवायचे. चार खंड वाढवला त्याला. पाचव्यात मारला, आणि त्यानंतर शेवटपर्यंत मी ह्यांच्याशी बोलले नाही.”