बाहेर टाका नको

“तिसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट दिसेल,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आरशात बघून घाबरू नका. कुणीतरी ठोसे मारल्यासारखं वाटेल. मग रोज थोडं थोडं उतरेल. दोन आठवड्यांत चेहरा पहिल्यासारखा होईल.”

तिने ते वहीत लिहून घेतलं. खालच्या पापण्यांखाली सुजल्यासारख्या पिशव्या आल्या होत्या, त्या काढायच्या होत्या.

“बाहेर टाका नको,” ती म्हणाली.

“पापणीच्या आतून करू. बाहेर काही दिसणार नाही. पण दोन दिवस बर्फ लावायचा. खाली वाकायचं नाही. डोकं उंच ठेवून पाठीवर झोपायचं.”

“पाठीवर झोपवत नाही मला.”

“कंबरेचा त्रास?”

“तसंच काहीतरी.”

“मग खुर्चीत रेलून झोपा. आणि बर्फात कुचराई केलीत तर जास्त काळंनिळं होईल, सांगून ठेवते. डाग पटकन पडतात का तुम्हाला?”

“पडतात. आधी निळे, मग हिरवे, मग पिवळे.”

“बारीक लक्ष आहे तुमचं!”

“कामच ते आहे,” ती म्हणाली. खोटं नव्हतं. ती फोटो स्टुडिओत होती. ओळखपत्रांच्या फोटोंतले मुरमांचे डाग आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिवसभर संगणकावर पुसायची. लोकांना काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळत नसेल.

डॉक्टरबाईंनी गुरुवारची तारीख दिली. रविवारी भावाकडे वडिलांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे, हे तिने सांगितलं तेव्हा त्या थबकल्या.

“नेमका तिसरा दिवस. पुढच्या आठवड्यात करू या का?”

“रजा याच आठवड्यात आहे.”

“मग काळा चष्मा लावून मिरवा,” डॉक्टरबाई हसून म्हणाल्या.

ऑपरेशनची कल्पना तशी नवऱ्याचीच. तो विमा कंपनीत साहेब होता. बाहेर तोंडात साखर, घरात आलं की तोंडाचा पट्टा सुरू. “काय ते डोळे! चारचौघांत न्यायचं असतं तुला. तोंड तेवढं नीट ठेव.” हे वाक्य ती बारा वर्षं ऐकत होती. आता ते ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण ती खाली मान घालून भांडी घासत राहायची.

“कर एकदाचं,” तो म्हणाला होता. “पण कुणाला सांगायचं नाही. तुझ्या भावाला तर मुळीच नाही. बायकोची डागडुजी केली म्हणून दात काढतील लोक.”

“नाही सांगत. तुम्हीही सांगू नका.”

“मी कशाला सांगू?”

गुरुवारी ऑपरेशन झालं. तासाभराचं काम. संध्याकाळी ती घरी आली ती एकटीच, रिक्षाने. त्याची मीटिंग होती म्हणे.

शुक्रवारी त्याने ग्लासात टाकायला बर्फ काढताना फ्रीजर धाडकन आपटला. “तुझ्या या बर्फाच्या पिशव्यांनी सगळा कप्पा अडवलाय. वापरत तर नाहीस!”

“गार लागलं की डोकं दुखतं.”

“नखरे नुसते.”

ती बादली आणि फडकं घेऊन फरशी पुसायला बसली. वाकू नको, एवढे दोन शब्द काही त्याच्या तोंडून निघाले नाहीत. माणूस असा कसा असतो, देव जाणे. तिने तीनही खोल्या पुसल्या, मग जिथे तो चपला घालून हिंडला होता तिथे पुन्हा पुसलं.

रविवारी सकाळी डोळ्यांखाली वांग्याचा रंग चढला होता. उजवा डोळा अर्धाच उघडत होता. ती आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. स्टुडिओत असा फोटो पुसायला तिला पाऊण तास लागला असता.

“या अवतारात यायचं?” तो म्हणाला. “राहू दे, मी एकटा जाऊन येतो.”

“मी नाही गेले तर दादा इथे येईल बघायला.”

त्याने क्षणभर विचार केला. “चष्मा लाव. कुणी विचारलंच तर जिन्यावरून पडलीस. मी सांगेन. तू मध्ये तोंड घालू नकोस.”

“बरं.”

तिने गाडीत मागे एक मोठी पिशवी ठेवली. वाढदिवसाच्या भेटीच्या मानाने ती जरा जास्तच मोठी होती. त्याने विचारलं नाही.

दादा कोर्टात कारकून होता. समोर कागद आल्याशिवाय काही मान्य करायचं नाही, हा खाक्या तो घरीही चालवायचा. दार उघडल्या उघडल्या त्याने विचारलं, “घरात कसला काळा चष्मा?”

“जिन्यावरून पडली,” नवरा हसत म्हणाला. “लक्ष कुठे असतं हिचं!”

तिने चष्मा काढला. बाबांनी हातातला कप खाली ठेवला. वहिनी स्वयंपाकघरातून आली ती उंबऱ्यातच थांबली.

“जिन्यावरून?” दादा हळू म्हणाला. “दोन्ही डोळे?”

नवऱ्याचं हसू ओसरलं. “अहो, म्हणजे खरं सांगायचं तर ऑपरेशन केलंय. पापण्यांचं. दिसायला बरं म्हणून.”

“आत्ता जिना म्हणालात.”

“ते आपलं असंच... लोक हसतात म्हणून. अगं, सांग ना यांना! टाके दाखव!”

“टाके आहेत?” दादाने तिची हनुवटी वर करून उजेडात धरली. त्याला एकही टाका दिसला नाही.

“बोल ना गं!” नवरा ओरडला. या घरात त्याचा तो आवाज पहिल्यांदाच निघाला होता.

तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “दादा, मागे दोनदा बॅग घेऊन आले तेव्हा तू मला परत पाठवलंस,” ती म्हणाली. “म्हणालास, मारतो तर कुठेतरी दिसू दे, मग बघू. पाठीवरचे वळ भावाला कसे दाखवू रे? आता बघ.”