धुतलेले पाय

ब्रश पुन्हा बादलीत पडला. म्हाताऱ्याने तो लाकडी पट्टीला सुतळीने बांधला होता, पण ओली सुतळी सैल पडली. कंबर धरल्यापासून त्याचे हात गुडघ्याखाली जात नव्हते. आणि आज संध्याकाळी चर्चमध्ये फादर त्याचे पाय धुणार होते.

शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून दरवर्षी बारा माणसांना वेदीसमोर बसवत. बायका असोत, पुरुष असोत, त्या बारांत बसणं हा मोठा मान. आता मानाला बसायचं तर पाय मळके कसे चालतील? म्हणून सगळे घरूनच साबणाने खसखसून पाय धुऊन येत. कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे. म्हाताऱ्याचा नंबर यंदा पहिल्यांदाच लागला होता, आणि त्याच्या टाचांच्या भेगांत महिनाभराची धूळ बसली होती. पाय स्वच्छ झाले नाहीत, तर दुसरा माणूस बघा असं फादरना कळवावं लागणार होतं.

आयुष्यभर तो बुकबाइंडर होता. बायबलच्या फाटक्या प्रती शिवता शिवता त्याला वाचायची खोड लागली, आणि वाचता वाचता नको तिथे अडायची. सध्या तो एका जागी अडला होता. त्या दिवशी शिष्य पाय धुऊन आले होते का? पुस्तकात तसं काही लिहिलेलं नव्हतं. फादरना विचारलं, तर ते हसले. म्हणाले, "आजोबा, तुम्ही मात्र धुऊन या."

"बाबा, सकाळी सकाळी काय चाललंय?"

दारात सून उभी होती, कामावर निघालेली. म्हाताऱ्याने कोपऱ्यातल्या बोक्याकडे पाहिलं.

"बोक्या, सांग, काही नाही म्हणून."

मुलगा जहाजावर स्वयंपाकी. घरात हे दोघं आणि बोका. सून बुटांच्या दुकानात होती. गिऱ्हाइकासमोर गुडघ्यावर बसायचं, पायाचं माप घ्यायचं, बूट चढवायचा, उतरवायचा. लग्न ठरत होतं तेव्हा म्हातारा म्हणाला होता, दिवसभर लोकांच्या पायाशी बसणारी मुलगी मला घरात नको. मुलाने लग्न केलंच. तेव्हापासून सुनेला जे सांगायचं ते म्हातारा बोक्याला सांगे. बोक्याचीही आता त्याला हरकत नव्हती.

सुनेने पट्टी उचलली. लोंबणारी सुतळी पाहिली, बादली पाहिली, आणि तिच्या सगळं लक्षात आलं.

"बोक्या," ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, स्टुलावर बसा. आणि लवकर. मला दुकान उघडायचंय."

म्हाताऱ्याने स्टूल पायाने जवळ ओढलं. मग बसला. सुनेने पर्स खुंटीला अडकवली, बाह्या वर केल्या आणि त्याच्यासमोर खाली बसली.

"बोक्या, पाणी कढत आहे," पाय बादलीत घालताच म्हातारा म्हणाला.

तिने थंड पाणी घातलं. मग टाच तळहातावर घेतली, रोज शंभर लोकांची घेत असेल तशी. भेगांतून अंगठा फिरवला. "एक नंबर लहान बूट घालताय तुम्ही. करंगळी बघा, कशी दुमडून बसलीय."

म्हाताऱ्याला करंगळी दिसत नव्हती. पाय दुसऱ्याच्या हातात असले की माणसाने बघायचं तरी कुठे? त्याच्या डोळ्यांसमोर होता तो फक्त तिचा भांग. भांगाशी चार-सहा केस पांढरे झाले होते. हे कधी झालं? एका छपराखाली राहून त्याला पत्ता नव्हता. मग वाटलं, आणखी कशाकशाचा पत्ता नसेल? असले पाय रोज हातात धरायचे, किळस येत नाही का, हे तरी तिला विचारावं. त्याने मान वळवली. बोका केव्हाच उठून बाहेर गेला होता. प्रश्न तोंडातल्या तोंडात राहिला.

संध्याकाळी वेदीसमोर बारा खुर्च्या मांडल्या होत्या. अकरा भरल्या. बेकरीवाला तापाने आडवा झाल्याचा निरोप आला होता. मोज्यांतून पाय बाहेर आले, तसा साबणाचा वास पहिल्या बाकांपर्यंत दरवळला. फादर कमरेला टॉवेल बांधून लोकांकडे वळले.

"एक जागा रिकामी आहे. कोणीतरी या पुढे. कोणीही चालेल."

कोणी हललं नाही. लोकांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं आणि पाय हळूच बाकाखाली ओढून घेतले.

म्हातारा मात्र विचारात पडला होता. ते बारा शिष्य पाय धुऊन आले असते, तर प्रभूला उठायची गरजच काय होती? त्याने मागे वळून पाहिलं. शेवटच्या खांबाशी सून उभी होती. दुकानाचा निळा कोट अजून अंगातच होता. सकाळपासून उभी असलेली बाई, जरा टेकावं म्हणून खांबाला पाठ लावून.

म्हातारा खुर्चीच्या हाताला धरून उठला, अनवाणीच.

"सूनबाई, इकडे ये."

चर्चमधल्या निम्म्या लोकांना बोक्याचा किस्सा ठाऊक होता. त्यांच्या माना एकदम खांबाकडे वळल्या. सून आधी जागची हलेना. मग बाकांमधून चालत पुढे आली आणि त्याच्या कानाशी कुजबुजली, "बाबा, मी दुकानातून तशीच आलेय. माझे पाय धुतलेले नाहीत."

"म्हणून तर बोलावतोय."

ती बसली. बूट काढले, मोजे काढले. फादर तिच्यासमोर गुडघ्यावर टेकले आणि त्यांनी तांब्या कलता केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच परातीतलं पाणी गढूळ झालं.