खांद्यामागचं घड्याळ

"ऐका, पण कुणाचा विश्वास बसणार नाही," नेमबाजांच्या खोपटात कॉफी ढवळत म्हातारा ताउनो म्हणाला. "पहिल्या गोळीचा आवाज विरायच्या आत माझी शेवटची गोळी लक्ष्याच्या मधोमध बसू शकायची! तरी दर स्पर्धेत मी शेवटचा." पोरं खिदळली. "असं कसं, आजोबा?" "गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात ना? मी मुद्दाम रेंगाळायचो. घड्याळ धरणारी मुलगी शेवटच्या गोळीपर्यंत माझ्या खांद्यामागे उभी राहायची. तिच्या स्वेटरला सौनाच्या न्हाणीघरातल्या धुराचा वास यायचा. एरवी ती एवढी जवळ कधी येणार होती?" शेगडीजवळ विणत बसलेल्या केर्त्तूकडे बघायचं त्याचं धाडस झालं नाही. नवरा गेल्यावर ती यंदाच गावी परतली होती. सुया थांबल्या. "साफ खोटं! हा जन्मजात गोगलगाय! सगळ्यांत जास्त वेळ यालाच लागायचा, म्हणून तर याच्या गटाचं घड्याळ मी भांडून घ्यायचे."