गाढ झोप

मनाविरुद्ध लग्न केलेल्या लेकीचं नावही घरात काढायचं नाही, असा निवृत्त न्यायाधीशांनी निकाल देऊन टाकला होता. पण दुपारी डोळा लागला की झोपेत तेच बरळायचे, "जेवलीस का गं? नीट राहतेस ना?"

बायकोनं मग युक्ती काढली. त्यांची बडबड सुरू झाली की ती गुपचूप लेकीला फोन लावून उशीजवळ ठेवायची. लेक तिकडून हळूच उत्तरं द्यायची. जाग आली की साहेबांचं तोंड पुन्हा वाकडं ते वाकडंच.

आज कपडे वाळत घालण्याच्या नादात तिला उशीर झाला. लगबगीनं ती खोलीत आली, तर साहेब डोळे घट्ट मिटून पडलेले.



"अगं, मी कधीचा झोपलोय. फोन लाव की!"