लेपानीच्या छातीतला वेल

सुवा शहरातल्या इस्पितळात लेपानी टेबलावर उताणा पडला होता. मनगटातून नळी हृदयाकडे सरकत होती, आणि काचेपलीकडच्या खोलीतून त्याचा मेव्हणा तोमासी माइकवरून त्याला छळत होता. मेव्हण्यानं मेव्हण्याला छळायचं, हा आमच्या बेटांचा रिवाजच. शवपेटीत घातल्यावरसुद्धा सुटका नाही.

"कोनफळांची टोपली दिसली की हा छाती धरतो, डॉक्टरबाई. ताटावर बसला की ठणठणीत!"

"बाई, त्याला हाकला आधी," आतून लेपानी कण्हला.

"आज काही सापडलं नाही, तर नव्या पिकाच्या सणाला गावच्या प्रमुखांसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, मी कामचुकार आहे. शब्द दिलायस, विसरू नकोस."

लेपानीनं शब्द दिला होता खरा.

डॉक्टर वेनाइसीनं नळीतून औषध सोडलं. करड्या पडद्यावर रक्तवाहिन्यांच्या काळ्या रेघा उमटत गेल्या. सरळ उतरायचं सोडून त्या वळत होत्या, पीळ खात होत्या, पुन्हा स्वतःकडेच फिरत होत्या. दर ठोक्याला सगळं जाळं आवळायचं आणि सैल पडायचं. ते वळसे उलगडले असते तर समुद्रापार कंदावू बेटाला पोचले असते, असं तोमासी पुढं शपथेवर सांगायचा. त्यातही त्यानं मैलभर कमीच धरलं असावं.

"अडथळा कुठंच नाही," तोमासीच्या खोलीतल्या पडद्यापाशी येऊन डॉक्टर म्हणाली.

"म्हणजे काही नाही ना?" तोमासीनं विचारलं, पण आवाज उतरला होता.

"असं कुठं म्हटलं? हे पीळ बघा. ओझं घेऊन चढ चढला, ठोके वाढले, की रक्त पुढं कमी पोचत असेल. दुखणं बहुधा त्याचंच."

तोमासी पडद्याला नाक लावून उभा राहिला.

"शेतात याचा एकही वेल कधी धड काठीवर चढला नाही," तो पुटपुटला. "आणि आत..."

पडद्यावरचा वेलासारखा वळसा त्यानं बोटानं गिरवला.

"तोमासी?" आतून लेपानीचा आवाज आला. "गप्प का झालास? वाईट आहे का?"

तोमासी फरशीवर मांडी घालून बसला. तळहात वाटीसारखे केले आणि प्रमुखांसमोर मान द्यायला वाजवतात तशा संथ, खोल टाळ्या पडद्याकडे बघत वाजवू लागला. डॉक्टर त्याला उठवायला वळली, आणि तशीच थांबली.

"अरे, टाळ्या कसल्या? मी गेलो की काय?"

"गप पड," तोमासी म्हणाला. "तुझ्याशी कोण बोलतंय?"