टरबुजाच्या बियांची पूड

लढाईमुळे विलायती पूड येईना, म्हणून मूत्रपिंड बिघडून अंग सुजलेल्या उद्धवच्या रक्तातला युरिया मोजणं अडलं होतं. त्याच्या बायकोचा, विमलचा, जीव थाऱ्यावर नव्हता. टरबुजाच्या बियांची पूडही चालते, असं अकोल्याच्या प्रयोगशाळेतल्या हेमचंद्रांनी सांगताच लेकराला कडेवर घेऊनच ती घरी पळाली अन् वस्त्रगाळ पूड करून घेऊन आली.

युरिया नावालाच निघाला. पथ्य सुटलं. दोन दिवस उद्धव डाळ-दूध पोटभर जेवला.

तिसऱ्या दिवशी हेमचंद्र दारात उभे राहिले. "वहिनी, अजून थोडी पूड द्या ना. लय बारीक होती."

"होईलच ना, भाऊ! भाजल्याबिगर इतकी बारीक दळल्या जाते काय?"

हेमचंद्रांचा चेहरा उतरला.



"उद्धवचं डाळ-दूध आत्ताच बंद करा, वहिनी. भाजल्यानं बियांतलं युरिया फोडणारं द्रव्य मरतं; मग रक्तात युरिया असला तरी त्या पुडीनं सापडतच नाही."