हळूचाला

ज्या गृहस्थाने दूरदेशी झालेला भूकंप आपल्या घरात बसून ओळखण्याची विद्या शोधून काढली, त्याच्या चरित्रातील एका दुपारची हकिगत येथे यथामती निवेदन करण्यात येत आहे. वाचकांनी ती शांत चित्ताने वाचावी.

त्याने तळघराच्या दाराला आतून कुलूप लावले, ते दोनदा ओढून पाहिले आणि किल्ली खिशात घातली. समोर सतरंजीवर तिघे बसले होते: त्याची आई, त्याची पत्नी आणि पत्नीचा थोरला भाऊ. तिघांच्या चपला दाराबाहेर काढून ठेवलेल्या होत्या.

मध्यभागी दगडी खांब, खांबास टांगलेला जड लोखंडी गोळा व गोळ्यास जोडलेला केसासारखा बारीक काटा. घड्याळाच्या यंत्रावर फिरणाऱ्या नळकांड्यावर काजळी धरलेला कागद गुंडाळलेला असून, काटा त्यावर पांढरी रेघ ओढीत होता. जमीन हादरली की रेघ मोडावी, अशी योजना होती.

परंतु जमीन न हादरताही ती रेघ अधूनमधून डुलत असे. गावात कोणास धक्का जाणवलेला नसे, फडताळातील पेलासुद्धा वाजलेला नसे. मग हलविणारे माणूस घरातीलच असले पाहिजे. त्याचा संशय पत्नीवर होता. हे यंत्र तिच्या डोळ्यांत प्रथमपासून सलत आहे, असे त्याचे ठाम मत होते.

त्याने घरात सर्वांस दबक्या पावलांनी वावरावयास लावले. शेजारी त्याला माघारी ‘हळूचाला’ म्हणू लागले. मागील आठवड्यात त्याने स्वयंपाकघराच्या फरशीवर राख पसरून ठेवली. राखेवर पाऊल उमटले नाही आणि रेघ तरीही डुलली. तेव्हा पत्नी ओट्यावरून चालत गेली असणार, असा त्याने निष्कर्ष काढला. त्याच दिवशी पत्नीने भावास बोलावून घेतले.

अट तिनेच घातली होती. तीन दुपारी सर्वांनी त्याच्या डोळ्यांदेखत बसावे. रेघ सरळ राहिली तर दोष तिचा, आणि ती भावाबरोबर कायमची माहेरी जाईल.

“आणि डुलली तर?” तिने विचारले होते.

“डुलणारच नाही,” तो म्हणाला होता.

दोन दुपारी रेघ सरळ राहिली. आज तिसरी होती. तिची पेटी वर दाराशी बांधून तयार होती.

“दाजी,” मेहुणा म्हणाला, “शिंक आली तर तोंडी परवानगी चालेल, की अर्ज करावा लागेल?”

“गप बस रे बाबा,” आई म्हणाली. “माझे गुडघे आखडलेत, तरी मी हूं का चूं करत नाही. उद्या माझ्या नावावर लावायचा हा.”

तो हसला नाही. पत्नी पाय अंगाखाली दुमडून बसली होती, हेच त्यास संशयास्पद वाटत होते.

“पाय दिसतील असे ठेव.”

तिने पाय पुढे घेतले. “आता ठीक? का बांधून ठेवता?”

इतक्यात काटा हलला.

त्याने प्रथम तिच्या पायांकडे पाहिले. ते स्थिर होते. मेहुण्याच्या गुडघ्याकडे पाहिले, आईच्या हातांकडे पाहिले. वरती घर रिकामे होते, दारास कुलूप होते. मग त्याने स्वतःच्या पायांकडे पाहिले आणि ते उचलून आपण बसलेल्या स्टुलावर घेतले. काटा हलतच राहिला. लांब, संथ लाटा एकामागून एक कागदावर उमटत होत्या.

“आई,” त्याने विचारले, “ते मागचे बिघडलेले कागद कुठे आहेत?”

“चुलीत घातले. तूच म्हणालास ना, फेकून दे? चांगले पेटतात हो, काजळीचे.”

त्याने वाकून कागदावरील लाटा एकेक करून मोजल्या.

“कुठेतरी... फार लांब,” अखेर तो म्हणाला, “तिकडची जमीन हललीय. आणि तो हादरा जमिनीच्या पोटातून इथवर चालत आलाय. दर वेळी तोच येत होता.”

पत्नीने किल्लीसाठी हात पुढे केला.

“मग आता त्याला सांगा,” ती म्हणाली, “हळू चाल म्हणून.”

त्याने किल्ली दिली. ती उठली आणि कित्येक महिन्यांत प्रथमच टाचा आपटीत चालू लागली. तिच्यामागून भाऊ दाराबाहेरील चपला हातात घेऊन, चवड्यांवर निघाला. त्या लांब लाटांच्या अंगावर काट्याने बारीक, दाट, टोकदार दाते काढले, करवतीला असतात तसे. लाटा आणि दाते यांत काडीचेही साम्य नव्हते. तिला एकदा काट्यासमोर चालावयास सांगून पाहावे, हे त्यास इतक्या दिवसांत सुचले नव्हते.

“अरे, बघतोस काय? जा की वर!” आई म्हणाली.

तो स्टुलावरच बसून राहिला. वर पेटी सरकल्याचा आवाज झाला. ती सोडली गेली की उचलली गेली, हे खालून कळण्यास मार्ग नव्हता. काट्याचे दाते लहान होत गेले, थांबले. लाटाही ओसरल्या. रेघ सरळ झाली, त्याने आजवर मागितली होती तशी.

तो श्वास रोखून रेघेकडे पाहत राहिला. पत्नीच्या पावलांनी ती मोडावी, अशी त्याची आज प्रथमच इच्छा होती.

वाचकांनी आपला अमूल्य वेळ दिला, त्याबद्दल त्यांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.
— रामकृष्ण भिकाजी टोणपे